ठकीनं पळवलेला गारवा

या एवढ्या मोठ्या भारत देशात आज कुठं किती ऊन पडलंय, हे दोघांनाच ठाऊक असतं. एक हवामान खातं आणि दुसरा तलवाड्याचा गहिनीनाथ. त्यात हवामान खातं कधीमधी चुकतं!

हे अर्थातच गहिनीनाथ स्वतः सांगायचा, मिशीवरून हात फिरवत. माणूस मेंढरांमागं फिरणारा. गेवराईच्या बाजाराच्या पुढं गेला, तर घरी येऊन प्रवासवर्णन सांगणारा. पण मे महिन्यात त्याच्यासमोर कुणी नुसतं "लई ऊन हाय बुवा" म्हणायचा अवकाश, की गडी सुरू!

"ह्याला ऊन म्हनतो का बे? फलोदीला जाऊन बघ, राजस्थानात! उंट सावली हुडकायलेत तिथं! त्येच्यापुढं आपलं तलवाडं म्हंजे महाबळेश्वर!"

हे ज्ञान त्याला जावयाकडून मिळायचं. जावई सोमेश्वर कडा गावचा, ट्रकवर ड्रायव्हर. आष्टीकडचा कांदा भरून तो देशभर हिंडायचा आणि जेवायला जिथं थांबेल तिथून सासऱ्याला फोन करायचा. "मामा, नागपुरात हाय, डांबर टायरला चिकटायलंय." "मामा, रायपूर आलं, लू सुटलीय, तोंडाला फडकं बांदून चालवायलोय." "मामा, ओडिशात हाय, ऊन कमी हाय पन घाम असा, की बनियन पिळून घालावं लागतंय." गहिनीनाथ ते ऐकायचा आणि पारावर जाऊन असा सांगायचा, की जणू स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं.

घरात मात्र या विद्वत्तेला काडीची किंमत नव्हती. बायको सारजाबाई म्हणायची, "देशाचं ऊन ऱ्हाऊ द्या. माज्या चुलीपुढं किती हाय ते सांगा!" त्या आकड्याची सोय हवामान खात्याकडंही नसावी.

तर यंदा गोष्ट अशी झाली, की या दोघांची एकुलती एक लेक वैष्णवी पोटुशी राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली जुनी रीत. सारजाबाईनं डिंक आणला, अळीव आणले, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली. दिवस भरणार होते ऐन उन्हाळ्यात. आणि इथंच विहीणबाई आडव्या आल्या!

विहीणबाईंचं नाव छबुबाई. बाई मनानं वाईट नव्हती, पण तिनं एकदा 'न्हाई' म्हटलं की ते सिमेंटमध्ये बसवल्यासारखं पक्कं. कड्याला डोहाळजेवणाच्या पंगतीत तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "रीत मलाबी कळती. पन तलवाडं म्हंजे नुसती भट्टी! आमच्या कड्याला वारा तरी हाय. सोमेश्वरच्या टायमाला मी असल्याच उन्हात बाळंत झाले. घामोळ्यानं लेकरू रडून रडून निळं झालतं. सुनंचे तसे हाल मी व्हऊ देनार न्हाई."

गहिनीनाथ घास तसाच हातात धरून म्हणाला, "इहीनबाई, तुलनेनं बगा! राजस्थानात चुरूला आज..."

"चुरूला धाडायचीय का सून बाळंतपनाला?"

पंगत हसली. गहिनीनाथनं घास गिळला. सारजाबाईचे डोळे भरून आले, तिनं पदर तोंडाला लावला. तो पदर बघून छबुबाई जराशी विरघळली.

"बरं, ऐका. मी सवता तिला घिऊन येते. दुपारी तुमच्यात जेवते. जेवून आडवी पडते. माजा डोळा लागला, तर सून तुमच्यापाशी ऱ्हाईल. न्हाई लागला, तर त्याच जीपनं दोगी माघारी!"

म्हणजे बघा, पोरीचं माहेरपण आता विहिणीच्या झोपेवर अडलं. आणि झोप काढायची कुठं? तर पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, भर दुपारी!

गहिनीनाथनं मात्र बायकोसमोर छाती पुढं काढली. "काय काळजी करू नकु. असा गारवा करतो, की इहीनबाई घोंगडं मागतील!"

गावी परतला तो थेट अजिनाथकडं गेला. अजिनाथ त्याचा लंगोटीयार. त्याचा मंडपाचा धंदा, लग्नात लावायचे कुलर तो भाड्यानं द्यायचा. कुलर म्हणजे साधासुधा नाही, कपाटाएवढं धूड, खाली लोखंडी चाकं आणि छातीवर लाल अक्षरात 'आपले सहर्ष स्वागत आहे'!

"भाडं नगं, घिऊन जा," अजिनाथ म्हणाला. "वैशू माजीबी लेकच हाय. पन ह्याच्या जाळ्यांतला भुसा पार सडलाय बे. तीनी बाजूला नवा भरावा लागंल, तवा गार हवा यील."

भुशासाठी गहिनीनाथ गेवराईला गेला. ऊन इतकं, की कुलरचा भुसा दुकानदुकानातून संपलेला! रिकाम्या हातानं परत येताना त्याला वाटेत स्वतःचंच रान दिसलं. विहिरीच्या पाण्यावर राखलेला घासाचा एक वाफा, आजारी मेंढरांसाठी ठेवलेला, हिरवागार. सगळ्या शिवारात तेवढाच एक हिरवा ठिपका होता. आणि गहिनीनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! भुसा काय करतो? पाणी धरतो. घासबी पाणी धरतो. वर वास केवढा छान!

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच वाफा कापला. कुलरच्या तिन्ही जाळ्यांत ओला हिरवा घास गच्च भरला. इतक्यात त्याला जत्रेतला कुल्फीवाला आठवला. तो बर्फात काय टाकतो? मीठ! मिठानं बर्फ जास्त गार होतो. मेंढरांना चाटायला आणलेलं जाडं मीठ घरात होतंच. रसवंतीवरून आणलेली बर्फाची लादी फोडून कुलरच्या टाकीत टाकली, वर मिठाचं पोतं निम्मं रिकामं केलं. पंप सुरू झाला, खारं पाणी वरून घासावर झिरपू लागलं. कुलर घरामागून खिडकीला लावून बटन दाबताच खोलीत असा गार झोत आला, की सारजाबाईच्या अंगावर शहारा आला!

"अगं बया! अवो, खरंच की!" ती लहान पोरीसारखी झोतापुढं उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याकडं अशा कौतुकानं तिनं क्वचितच बघितलं असेल. गहिनीनाथ त्या नजरेनंच दोन बोटं उंच झाला.

आता वाचकहो, जन्म मेंढरांत काढलेल्या माणसानं, मे महिन्यात, हिरव्या घासावर मीठ शिंपडलं! पण हुरूप चढला की माणसाला शहाणपण सुचत नाही. त्या दिवशी पाहुण्यांसाठी घरी थांबायचं म्हणून त्यानं मेंढरं चरायलाही सोडली नव्हती. घरामागं वाघूर लावून, म्हणजे जाळीचं कुंपण घालून, सगळा कळप त्यात उपाशीपोटी कोंडला होता. कळपाच्या पुढं चालणारी शेळी होती ठकी. गळ्यात घुंगूर, डोक्यावर वाकडी शिंगं आणि स्वभाव बराचसा विहीणबाईंसारखा. ती जाळीतून एकटक कुलरकडं बघत होती.

दुपारच्या आत जीप आली. छबुबाई उतरल्या उतरल्या पदरानं वारा घेत म्हणाली, "इवाई, ह्या मोबाईलात तलवाड्याचं ऊन त्रेचाळीस दावायलंय!"

"तो आकडा बीडचा असतो, इहीनबाई. बीडात डांबर लई!"

"मंग इथलं किती?"

"छत्तीस," गहिनीनाथ डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाला. मागून वैष्णवी जीपमधून सावकाश उतरली, बापाकडं बघून ओठ दाबून हसली. सारजाबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेकीचा घामेजलेला चेहरा तिनं पदरानं पुसला. आज काहीही होवो, ही जीप रिकामी परत गेली पाहिजे!

जेवणं झाली. आंब्याचा रस, कुरडया, वर ताक. छबुबाई खोलीत बाजेवर आडवी झाली, वैष्णवी खाली चटईवर. गहिनीनाथनं देवाचं नाव घेऊन बटन दाबलं.

"अगं आई गं!" छबुबाईनं डोळे मिटले. "वैनी, गार हाय बरं का! आन वास कसला भारी यायलाय, जनू पाटाच्या कडंला बसलेय!"

सारजाबाईनं उंबऱ्यातून नवऱ्याला हात जोडले. गहिनीनाथ पुढच्या ओट्यावर पहाऱ्याला बसला. कुणी कुत्रं भुंकायचं नाही, कुणी भोंगा वाजवायचा नाही. आत छबुबाईचा श्वास संथ होऊ लागला. आणखी एवढीशी कळ काढली, की घोरणं सुरूच!

आणि त्याच्या खिशातला फोन वाजला.

"मामा, सोमेश्वर बोलतोय! काल सिलिगुडीत हुतो! गारा पडल्या गारा, लिंबाएवढ्या! काच तडकली ट्रकची! आज गुवाहाटीला आलोय, हितं ढगफुटी झाल्यागत पानी!"

"गारा? मे म्हैन्यात?" गहिनीनाथच्या अंगात वारं भरलं. तो फोन घेऊन ओट्यावरून खाली उतरला, तिथून थेट रस्त्याकडेच्या लिंबाखाली गेला. "थांब, थांब, बराबर सांग! किती वेळ पडल्या? वाऱ्याची दिशा कंची हुती?"

तो वाऱ्याची दिशा विचारत होता, आणि घरामागं ठकीनं वाघुरीचा कोपरा शिंगानं उचलला.

ती बाहेर आली. तिच्यामागं एक मेंढरू, त्याच्यामागं दुसरं, मग सगळी जमात! कुलरभोवती पंगत बसली. मिठाचा ओला हिरवा घास! अख्ख्या उन्हाळ्यात त्या मुक्या जिवांना असं जेवण मिळालं नव्हतं. डावी जाळी फस्त, उजवी जाळी फस्त. एवढ्यात वीज गेली. पंखा थांबला आणि ठकीला आत खोलवर राहिलेला शेवटचा हिरवा पुंजका दिसला. तिनं मागच्या जाळीच्या चौकटीतून मुंडकं आत घातलं. मुंडकं गेलं, पण वाकडी शिंगं मागं येईनात!

ती ओरडली. लोखंडी डब्यात तोंड घालून ओरडली!

"बेंऽऽऽऽ!"

खोलीत आवाज असा घुमला, की छबुबाई बाजेवर ताडकन उठून बसली. "वैनी! अवो वैनी! तुमचा कुलर बें करायलाय!"

"आसंल काय तरी, मोटारीचा आवाज असंल..." सारजाबाई कसंबसं म्हणाली.

"मोटारीला दाढी असती का?" पंख्याच्या पात्यांमागून ठकीचं तोंड छबुबाईकडंच बघत होतं! दोघींची नजरानजर झाली. दोघीही एकदम किंचाळल्या. आणि ठकीनं भेदरून सगळा जोर लावून मागं हिसका दिला. कुलर खिडकीपासून सुटला. वायर तटकन निघाली. ठकी निघाली, कुलर निघाला आणि पुढं ठकी म्हटल्यावर अख्खा कळप निघाला!

लिंबाखाली गहिनीनाथ जावयाला सांगत होता, "हितं काय टेन्शन न्हाई! तुजी आई गार झोपलीय!" तेवढ्यात त्याच्या समोरून 'आपले सहर्ष स्वागत आहे' धडधडत गेलं. खाली चार पाय होते.

"मामा, कसला आवाज हाय?"

"वारं सुटलंय, वारं!" म्हणत गहिनीनाथनं फोन खिशात कोंबला आणि धावत सुटला.

गल्लीत एकच धमाल! लग्नाचा कुलर, मागं घुंगरांचा नाद, मागं ही रांग. शेजारची कौशल्याबाई दारात आली, तिला वाटलं वरात निघाली, तिनं घाईघाईनं पदर सावरून विचारलं, "नवरा कुटाय?"

"म्होरं पळालाय!" मागून धावणारी सारजाबाई ओरडली. तिला वाटलं आपल्याच नवऱ्याबद्दल विचारतायत.

"अगं बाई! बोहल्यावरून पळाला का?" म्हणत कौशल्याबाईही धावू लागली. पारावरची माणसं उठली. अजिनाथ दुकानातून बाहेर आला, आपला कुलर स्वतःच्या पायांनी चाललेला बघून तो आधी मटकन खाली बसला आणि मग धावला. "गहिन्या, धर की बे! कुलर धर!" चालत्या टाकीतून खारं पाणी उसळत होतं, मेंढरं ते रस्त्यावरचं चाटत चाटत धावत होती. सगळ्यांत मागं छबुबाई, एका हातानं सुनेला धरून, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन!

गावाबाहेर जुन्या विहिरीपाशी दोन मोठ्या चिंचा आहेत. गहिनीनाथचा कळप रोज दुपारी तिथंच बसतो. ठकीला भीती वाटली तेव्हा ती सवयीनं तिकडंच गेली. चिंचेच्या बुंध्याला कुलर धडकला, चौकट वाकली, शिंगं सुटली. ठकीनं अंग झाडलं, तोंडातला घास शांतपणे चघळला आणि बसली. तिच्यामागं कळपही बसला. झालं! सगळं शांत.

गहिनीनाथ गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत उभा राहिला. त्याला आता कळपाचं, कुलरचं काही नव्हतं. त्याला दिसत होती फक्त ती जीप, आणि जीपमधून माघारी जाणारी पोर. चूक त्याची होती. घरात लेक झोपली असताना हा बाबा गुवाहाटीचा पाऊस मोजत बसला! त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते त्यानं घाम म्हणून पुसलं.

छबुबाई आली. चप्पल अजून हातातच. सगळे बाजूला झाले.

"इवाई..." ती म्हणाली, आणि पुढचं बोलायच्या आधीच वैष्णवीला हसू फुटलं. पोरगी दोन्ही हातांनी पोट धरून अशी हसायला लागली, की उभंही राहवेना. "आत्याबाई... नवरा... नवरा पळाला म्हनं..." ती चिंचेखाली बसली, हसता हसता डोळ्यांतून पाणी काढलं. सासूनं तिच्याकडं बघितलं. गेले महिनाभर ही सून अशी मोकळी हसली नव्हती, नुसती उन्हानं बेजार होऊन पडलेली असायची.

"हास बाई, हास," छबुबाई म्हणाली. चप्पल खाली पडली. "जरा दम घिऊ द्या. मंग बोलते मी सगळ्यांशी." ती सुनेशेजारी टेकली. विहिरीच्या अंगानं झुळूक आली. चिंचेचा पाला सळसळला. तिनं बुंध्याला पाठ लावली. पाय लांब केले. "आता हे बगा इवाई, मी काय म्हन्ते..." एवढं बोलली, आणि थांबली.

सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. पुढचा शब्द आला नाही. आला तो घोरण्याचा आवाज!

कुणी हललं नाही. अजिनाथ कुलर उचलायला वाकला, तर सारजाबाईनं त्याच्या मनगटाला असं धरलं, की तो वाकलेलाच राहिला. कौशल्याबाईनं शिंक आवरली. पारावरची माणसं पायांतल्या वहाणा काढून, देवळात आल्यासारखी, चिंचेच्या सावलीबाहेर गोल करून उन्हात उभी राहिली. एका विहीणबाईच्या झोपेसाठी अर्धं गाव मे महिन्यात घाम गाळत होतं, आणि कुणाची तक्रार नव्हती. वैशू गावाची लेक होती. गहिनीनाथनं एकेकाकडं बघितलं आणि त्याला इतकं भरून आलं, की त्यानं शेवटी ठकीपुढंच हात जोडले.

ऊन कललं तेव्हा छबुबाईनं डोळे उघडले. भोवतीची गर्दी बघून ती आधी दचकली, मग पदर नीट करत म्हणाली, "लागला गं बाई डोळा! असली झोप मला गेल्या दिवाळीपासून लागली नव्हती. वैनी, सून तुमची. जीपवाल्याला जायला सांगा."

सारजाबाईनं तिच्या गळ्यात पडून रडायलाच सुरुवात केली. वैष्णवीनं आईला धरलं, अजिनाथनं वाकडा कुलर धरला, आणि गहिनीनाथ नुसताच "इहीनबाई... इहीनबाई..." म्हणत राहिला. देशभराचं हवामान तोंडपाठ असलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचेना!

"पन जीप तशीच जाऊ दिऊ नगा," छबुबाई पुढं म्हणाली. "माजी पेटी तिच्यात हाय, ती तेवढी उतरवून घ्या. बाळंतपन हुईस्तोवर मीबी हितंच ऱ्हाते."

"पन इहीनबाई," गहिनीनाथ चाचरत म्हणाला, "तुमच्या कड्याला वारा हाय न्हवं?"

"हाय की! पन लई गरम हाय वो!"

त्या दिवसापासून चिंचेखाली दोन बाजा पडल्या. एकीवर वैष्णवी, दुसरीवर छबुबाई. ती बाज गहिनीनाथचीच होती. गहिनीनाथ मेंढरांबरोबर सावलीच्या कडेला बसतो, निम्मा उन्हात, आणि फोन आला की जावयाला सांगतो, "इथं झकास हाय, तुजं तू सांग." बाजेवर लेक आईच्या हातचं खाते, सासूच्या गोष्टी ऐकते आणि खळखळून हसते. तो ते हसू ऐकत बसतो. एवढ्या मोठ्या देशात कुठंही गेलं तरी ऊन मिळेल, पण लेक या घडीला फक्त इथं आहे, हे त्याला सारखं वाटत राहतं, आणि डोळे परत भरून येतात.

"इवाई," बाजेवरून आवाज येतो.

"काय इहीनबाई?"

"जरा तिकडं सरका. वारा अडवायलात!"

आणि गहिनीनाथ उठतो, घोंगडी उचलतो आणि सरळ उन्हात जाऊन बसतो.